सर्व्हर, नग सहा

“सहा लिहिलेत, सहा दाखवा,” पोपटराव साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. हिरवं पेन काढणारा अधिकारी मला चालतो, निळं काढणारा तर घरचाच. पण लाल पेनाचं टोपण उघडून बसलेला तपासणी अधिकारी समोर असला, की माणसाला जन्मापासूनचे सगळे गुन्हे आठवायला लागतात. मला चौथीतली पाटीवरची पेन्सिल आठवली. ती मी घेतली नव्हती, तरी आठवली.

मी न्हावऱ्याच्या दूध संघाचा हेडक्लार्क. मला भाऊसाहेब म्हणतात. खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठं वापरात नाही. बत्तीस वर्षं दौंडहून चौफुला आणि चौफुल्याहून न्हावरे असा एसटीने गेलो-आलो आणि या बत्तीस वर्षांत संघाची एक टाचणी माझ्या हातून हरवली नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, माझ्या निरोपसमारंभाच्या फ्लेक्सवर तसं छापलं होतं. मजकूर मी दिला होता, ही गोष्ट वेगळी.

एकतीस तारखेला मी निवृत्त होणार होतो. त्याआधी माझ्या ताब्यातली एकूण एक वस्तू पोपटराव साहेबांना दाखवायची, त्यांनी ‘एकही वस्तू कमी नाही’ असा दाखला द्यायचा, मग शाल, नारळ, भाषणं. दाखला नाही तर चार्ज सुटत नाही, आणि चार्ज न सुटलेला माणूस निवृत्त होत नाही, नुसताच घरी बसतो. लोक त्याच्याकडे बोट दाखवून हळू आवाजात बोलतात. मला शालीची हौस नव्हती. तो दाखला मात्र पाहिजे होता. माझी सगळी कमाई त्या एका ओळीत होती.

वस्तूंची जी वही असते तिला आपण डेडस्टॉक म्हणतो, सरकारी मराठीत ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’. संस्थेत आलेल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकायचा आणि तो वहीत लिहायचा. आमच्याकडे खुर्चीला नंबर, पंख्याला नंबर, थोर पुरुषांच्या तसबिरींना मागच्या बाजूने नंबर. पाण्याचा माठ एकसष्ट नंबरचा होता. तो फुटला तेव्हा निर्लेखनाची, म्हणजे मोडीत काढायची, मंजुरी येईपर्यंत मी त्याची खापरं दोन वर्षं गोणीत बांधून जपली. अशा माणसाला पोपटराव साहेब विचारत होते, की पाच सर्व्हर कुठं गेले?

आता हे सहा आले कुठून ते ऐका. संघात पूर्वी सहा विभागांचे सहा जुनाट कॉम्प्युटर होते. दूध संकलन, पशुखाद्य, औषधं, टँकर, हजेरी आणि संचालक मंडळ. रोज एक आजारी असायचा. संचालक मंडळावर खुटबावचे रखमाजी आबा आहेत, त्यांची नात धनश्री पुण्यात यातलंच काम करते. ती आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, “काका, सहा डबे कशाला? एकच दणकट मशीन घ्या. त्याच्या आत मी सॉफ्टवेअरने सहा सर्व्हर करून देते. एक बंद पडला तर बाकीचे पाच चालू राहतील. याला व्हर्च्युअल म्हणतात.”

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी हे समजावून सांगितलं. कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. माझ्याही शिरलं नव्हतं, पण सांगणाऱ्याला समजलेलं असावं लागतं असा काही नियम नाही. शेवटी रखमाजी आबाच फेटा सावरून बोलले.

“आमच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. वस्तीला सहा घरांची मेंढरं येकाच वाघरीत कोंडायची. वाघर म्हंजी जाळी हो, जाळीचा वाडा. वाघर येक, कळप सहा. ज्याचं त्यानं खुणंवर वळखायचं. ही पोरगी त्येच म्हनतीय. त्यात न समजाय काय झालं?”

अख्ख्या शिरूर आणि दौंड तालुक्यात व्हर्च्युअल सर्व्हर समजलेला हा एकमेव माणूस. त्याने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.

धनश्रीने सहा सर्व्हरना नावं मागितली, मी आपल्या नद्यांची दिली. भीमा, घोड, वेळ, कुकडी, मुळा, मुठा. नावं मला फार शोभिवंत वाटली. मग ठराव लिहायला बसलो. शुद्ध मराठीचा मला अभिमान आहे, म्हणून व्हर्च्युअलला ‘आभासी’ असा शब्द घातला आणि ‘सहा आभासी सर्व्हर खरेदी करणे’ असं सुवाच्य अक्षरात लिहून चेअरमन जयसिंगआप्पांपुढे ठेवलं.

आप्पांनी वाचलं आणि चष्मा काढला. “भाऊसाहेब, ह्यो आभासी शबूद काढा.”

“आप्पा, पण ते आभासीच आहेत.”

“आसतील. पर जनरल मिटिंगला वाचल्यावर विरोधक काय म्हंतील? आप्पानं सभासदाला आभास दावला! गेल्या टायमाला मी रस्ता करून देतो बोललो हुतो त्ये लोक आजून विसरले न्हाईत. काढा तो शबूद.”

मी काढला. त्या शब्दावर सरळ रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख टाकली. खाली उरलं ‘सहा सर्व्हर खरेदी करणे’. मग ठराव झाला तशीच डेडस्टॉकला नोंद झाली, नंबर एकशे चौदा, सर्व्हर, नग सहा. पुढचं सगळं रामायण त्या रेघेचं आहे.

तर पोपटराव साहेबांना मी पूर्वीच्या तुपाच्या खोलीत नेलं. तिथे एसी लावून आमची पेटी ठेवलेली.

“हा एक झाला,” साहेब म्हणाले. “बाकीचे?”

“आत आहेत साहेब.” मी स्क्रीन चालू केला. सहा नावं ओळीने उभी राहिली.

“ही नावं झाली. भीमा कुठं आहे?”

“आत.”

“घोड?”

“तीही आतच. साहेब, सहाही नद्या आतच आहेत.”

साहेबांनी पेटीच्या मागे पाहिलं. टेबलाखाली वाकून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, तीस वर्षं तपासण्या करतोय. मी वस्तू कशाला म्हणतो सांगू? जिला लाथ मारली तर आपल्या पायाला लागतं, ती वस्तू. भीमेला लाथ मारून दाखवा.”

आता धनश्रीच्या हिशेबाने बघाल तर सहाही सर्व्हर आभासीच, आणि ती लोखंडी पेटी निराळी, म्हणजे सातवी. हे साहेबांना सांगून टाकावं असं क्षणभर मनात आलं होतं. सांगितलं नाही ते बरं झालं, नाहीतर एक वस्तू जास्त निघाल्याबद्दल दुसरी चौकशी लागली असती.

संध्याकाळी घरी आलो. आमच्या शेजारी सर्जेराव राहतात, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. निवृत्तीपासून त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून सल्ला देणं हे काम पूर्णवेळ पत्करलंय. आमच्या सौ. सविताच्या कढीपत्त्याच्या झाडालाही ते सल्ला देतात. माझा चेहरा बघून त्यांनी सगळं काढून घेतलं.

“हात्तिच्या! एवढंच ना? आमच्या केबिनमध्ये काय होतं? केबिन एक, लिव्हर सहा, हर एक लिव्हरवर नंबर. इन्स्पेक्टर यायचा, नंबर मोजायचा, चाय पिऊन जायचा. भाऊसाहेब, तुम्ही नंबर टाकले नाहीत, तिथेच चूक झाली. पेटी एक तर एक, नंबर सहा टाका. झगडा खतम!”

बुडत्या माणसाला समोरचा काय देतोय हे बघायची सवड नसते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ब्रश घेऊन तुपाच्या खोलीत बसलो. पेटीच्या पुढच्या बाजूला जागा कमी, सगळी बारीक बारीक छिद्रं. त्या छिद्रांवरच एकशे चौदा भागिले एक, एकशे चौदा भागिले दोन, असं सहापर्यंत ठळक रंगवलं. माझं अक्षर मोठं आहे. छिद्रं हवेसाठी असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तासाभरात पेटी तापली आणि आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. मला वाटलं, रंग वाळतोय.

पोपटराव साहेबांनी ते सहा नंबर पाहिले आणि पहिल्यांदा हसले. ते हसणं मला अजून लागतं.

“भाऊसाहेब, एका म्हशीच्या कानात सहा बिल्ले मारून सहा म्हशींचा विमा काढणारे लोक मी पाहिलेत. पण ते निदान म्हैस बदलून दाखवायचे.”

बत्तीस वर्षांत माझ्या म्हशीचा विषय कुणी काढला नव्हता. मी म्हणालो, तज्ज्ञाचं पत्र आणतो. साहेब म्हणाले, आणा. मी धनश्रीला फोन केला. पोरगी गुणी, अर्ध्या तासात तिने कंपनीच्या कागदावर इंग्रजीत पत्र पाठवलं. साहेबांनी ते स्वतःच मराठीत उतरवून फाइलला लावलं. ‘सदर सहा सर्व्हर प्रत्यक्षात अस्तित्वात नाहीत, असे पुरवठादाराच्या प्रतिनिधीने लेखी कबूल केले आहे.’

यानंतर मात्र बोभाटा झाला. भाऊसाहेबांनी पाच सर्व्हर खाल्ले, ही बातमी न्हावऱ्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीत तयार झाली. सर्व्हर म्हणजे काय हे टपरीवर कुणाला ठाऊक नव्हतं, पण खाल्ले म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौफुल्यापर्यंत त्या पाच म्हशी झाल्या. दौंडला पोचेपर्यंत पाच टँकर झाले. सविताला मंडईत एकीने विचारलं, “काकू, टँकर उभे कुठं करता हो? तुमच्या गल्लीत तर रिक्षा वळत नाही.” सविता भाजी न घेता घरी आली. त्या दिवशी पिठलं झालं.

मला त्याहून जास्त लागलं ते फ्लेक्सचं. न्हावऱ्याच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता, कपाळाला गंध, हात जोडलेले. आप्पांनी तो ‘मॅटर मिटेस्तवर’ उतरवून ठेवायला सांगितला. उतरवला, पण ठेवणाऱ्याने तो रिकामा कशाला राहू द्यायचा म्हणून पसरून त्यावर कांदा वाळत घातला. मी एसटीतून उतरलो तर माझ्या तोंडावर दीड क्विंटल कांदा. ‘एक टाचणी’ एवढीच अक्षरं बाहेर दिसत होती.

त्याच दुपारी आप्पांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

“भाऊसाहेब, त्या साह्यबाला काय पायजे? पाच पेट्या. आपुन पाच पेट्या देऊ.”

“कुठून देणार?”

“शिरूरला आपला येक पाव्हना पत्र्याचं काम करतो. पिठाच्या गिरणीचं बोर्ड, मोटारीच्या स्टार्टरचं डबं. त्याला माप द्या. काळा रंग मारंल, म्होरं हिरवा बल्ब लावंल.”

“आप्पा, रिकामे डबे दाखवायचे? हे खोटं आहे. माझ्या हातून असलं काम व्हायचं नाही.”

“खोटं कसं?” आप्पा अगदी मनापासून चकित झाले. “तुमीच त्या दिशी वाद घालत व्हता, ते आभासी हायती म्हणून. मग ह्ये काय येगळं हाय व्हय? आभासीच तर करतोय.”

खरं सांगतो, यावर उत्तर शोधायची मी फार खटपट केली नाही. डोळ्यांपुढे तो कांदा होता, आणि पिठल्याचं ताट पुढ्यात घेऊन बसलेली सविता. मी खिशातून टेप काढला आणि पेटीची लांबी-रुंदी मोजून दिली. शुद्ध मराठीचा अभिमान, टाचणीचा अभिमान, सगळं त्या टेपात गुंडाळून खिशात घातलं.

तीन दिवसांत पाच डबे आले. काय देखणे डबे! अस्सल पेटीपेक्षा चांगले. समोर हिरवा दिवा, बाजूला दोन चकचकीत हँडल, आणि पाहुण्याने हौसेने प्रत्येकावर पितळी पट्टी ठोकून तिच्यावर नदीचं नाव कोरलेलं. यूपीएसची वायर त्यांना जोडली, पाचही दिवे लागले. मी सुबक नंबर घातले. आता खोट्याला छिद्रं नव्हती, त्यामुळे नंबर फार छान उठून दिसले.

पोपटराव साहेब आले. एकेका डब्यापुढे उभे राहिले. त्यांनी भीमेवर हात ठेवला, घोडीवर बोटाने टकटक केलं. वेळ नदीला खरोखरच बुटाच्या टोकाने हळूच एक लाथ घातली. पायाला लागलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“हे आधी का नाही दाखवलं?”

“दुरुस्तीला गेले होते,” आप्पा म्हणाले.

साहेब सहाव्या पेटीकडे, म्हणजे त्या खोलीतल्या एकमेव खऱ्या सर्व्हरकडे वळले. तो तापून घरघरत होता. अंगावर माझे सहा नंबर, वरून मी ते पुसायला वापरलेल्या रॉकेलचे ओघळ. साहेबांनी हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“हा मात्र गेलाय. बघा, बाकीचे पाच कसे थंड आहेत, आवाज नाही, काही नाही. हा असा ठेवला तर एखाद्या दिवशी आग लावेल. याला निर्लेखित करा.” आणि त्यांनी लाल पेनाने लिहिलं, ‘पाच नग उत्तम स्थितीत. एक नग निकामी, मोडीत काढावा.’ मग पुढचं पान उलटलं आणि माझा दाखला लिहायला घेतला.

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. ‘साहेब, चाळीस गावांचं दूध त्या एका पेटीवर चाललंय आणि बाकीच्या पाचांत शिरूरची हवा भरलीय,’ एवढंच वाक्य. पण साहेबांचं पेन ‘एकही वस्तू’ पर्यंत पोचलं होतं. अजून दोन शब्द राहिले होते. मी म्हटलं, ते दोन शब्द होऊ देत, मग बोलू. ते झाले, सही झाली, शिक्का बसला, आणि मग मी चहा सांगितला.

एकतीसला निरोपसमारंभ थाटात झाला. फ्लेक्स धुऊन पुन्हा लावला, थोडा कांद्याचा वास येत होता तेवढंच. आप्पा बोलताना गहिवरले. मला संघाने एक कागद लॅमिनेट करून दिला, ‘यांच्या ताब्यात संघाची कोणतीही वस्तू शिल्लक नाही.’ मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं, भाऊसाहेब हळवे आहेत.

चार दिवसांनी संघाने मोडीचा लिलाव पुकारला. माझ्या जागेवर आलेल्या बाईंनी नियमाप्रमाणे एकशे चौदा नंबरची निकामी पेटी वायरी काढून अंगणात आणून ठेवली. आणि न्हावऱ्यापासून खुटबावपर्यंत चाळीस संकलन केंद्रांवरची वजनाची मशिनं एका झटक्यात मुकी झाली. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या, दूध काट्यावर, आणि स्क्रीनवर एक गोल गरगर फिरतोय. आप्पांनी आधी त्या पाच डब्यांचे बल्ब बघून घेतले. पाचही लागलेले होते. तेव्हा ते जास्तच गोंधळले.

धनश्रीचा मला फोन आला. “काका! सर्व्हर अंगणात काय करतोय?”

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, टेपसुद्धा नाही. मग ती म्हणाली, “आता तो परत आत घेता येणार नाही?”

“नाही. तो निकामी आहे, तसा शिक्का आहे. निकामी वस्तू चालवली म्हणजे साहेबांचा शेरा खोटा. शेरा खोटा म्हणजे पेट्या उघडणार.”

“मग क्लाउड घ्यायला लागेल. म्हणजे आपले सर्व्हर दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायचे. आपण फक्त इंटरनेटवरून वापरायचे.”

आप्पांना हे पसंत पडलं. आजच्या आज करा म्हणाले. पण ठराव पाहिजे, आणि ठरावाला मंजुरी पाहिजे. पोपटराव साहेबांनी उलटटपाली विचारणा केली, की क्लाउड ही वस्तू जडवस्तू नोंदवहीत कोणत्या रकान्यात घेणार आणि तिच्यावर नंबर कुठं रंगवणार? शिवाय संघाकडे उत्तम स्थितीत पाच सर्व्हर असताना नवीन कशाला?

तोवर रांगा लागलेल्याच. रखमाजी आबा शेवटी स्वतः माझ्या घरी दौंडला आले. चहा घेतला, भिंतीपलीकडे कान देऊन उभ्या असलेल्या सर्जेरावांना रामराम घातला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, दुसऱ्याच्या जागंत ठिवायचं म्हनती ना पोरगी? तुमी आता संघाचं न्हाई. रिटायर झालाय. म्हंजी तुमी दुसरंच.”

मेंढरं राखणाऱ्या घराण्यातल्या या माणसाला काय काय समजतं याची मला भीतीच वाटायला लागली.

“आबा, ते लिलावात आहे.”

“मग घ्या की लिलावात. भंगाराला कोन हाय दुसरं?”

लिलावाला मी आणि एक भंगारवाला होतो. त्याने पेटीला लाथ मारली, पायाला लागलं, आणि तो म्हणाला, “अंदर तांबा नहीं है,” आणि गेला. आबांच्या पिकअपमध्ये, वैरणीच्या पेंढ्यांमध्ये, भीमा, घोड, वेळ, कुकडी, मुळा आणि मुठा दौंडला आल्या. धनश्रीने पेटी उघडून छिद्रांतला रंग खरवडला. घरघर थांबली. हॉलमध्ये जागा नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात मिक्सरच्या बाजूला ती ठेवली आणि इंटरनेट जोडलं. तिने सांगितलं, “काका, मंजुरी येईपर्यंत. दोन-चार दिवस.”

याला अकरा महिने झाले. मंजुरी रकान्यावर अडलीय. आप्पांनी वार्षिक सभेत जाहीर केलं, की आपला संघ आता क्लाउडवर गेलेला आहे, आणि टाळ्या पडल्या. ढग कुठं आहे हे आप्पांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खंडेनवमीला तुपाच्या खोलीतल्या पाच डब्यांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. पोपटराव साहेबांचा तर परवा अभिनंदनाचा शेरा आला, की या पाच यंत्रांत वर्षभरात एकदाही बिघाड झालेला नाही, इतर संस्थांनी आदर्श घ्यावा. यूपीएसही तिकडेच आहे. तो नंबर एकशे पंधरा, सुस्थितीत होता, म्हणून मोडीत निघाला नाही. वीज गेली तरी त्या पाच बल्बांचा उजेड जाऊ नये म्हणून तो राबतो. आमच्या घरी काही नाही. मिक्सर लावला की मेन स्विचचा खटका पडतो.

आज सकाळी सविता मिक्सरवर लसणाची चटणी वाटत होती. खटका पडला. मिनिटभरात फोन वाजला. रखमाजी आबा.

“भाऊसाहेब, सूनबाईला म्हनावं, चटणी वाईच दमानं. हितं खुटबावला साठ किटल्या खोळंबल्यात.”

मी खुर्चीवर चढून खटका वर केला. पेटीचे दिवे एकेक करून लागले. सविता पदराला हात पुसत दारात उभी होती.

“अहो, तुमचा तो लॅमिनेट केलेला कागद कुठं आहे?”

“कपाटात. का?”

“काही नाही,” ती म्हणाली. “त्यात लिहिलंय ना, यांच्या ताब्यात संघाची कोणतीही वस्तू शिल्लक नाही?”

मी खुर्चीवरून उतरलो. ती हसत होती, त्या मंडईच्या दिवसानंतर पहिल्यांदा. चटणी आता पाट्यावरच वाटायची म्हणून पाटा-वरवंटा काढायला मी तिला हात लावला आणि उरलेला लसूण सोलायला घेतला.